भरली की निघते : वणीचा रस्ता, तीन वाहने आणि ग्रहण लागलेला एक कायदा

वणीहून चंद्रपूरला जायचे आहे. अंतर साधारण पंचावन्न किलोमीटर. बसस्थानकात एसटी लागलेली असते. स्थानकापासून थोडे दूर, रस्त्याच्या कडेला काळी-पिवळी उभी असते आणि तिचा चालक 'दोनच सीट बाकी' असे गेली वीस मिनिटे सांगत असतो. नागपूरला जायचे असेल तर ट्रॅव्हल्स हा तिसरा पर्यायही असतो. आपण भाडे, वेळ, गर्दी आणि आभाळाचा रंग यांचा मनातल्या मनात हिशेब करतो आणि एका गाडीत चढतो. निवड आपली, असे आपल्याला वाटते.

परंतु एसटी स्थानकाच्या आत आणि काळी-पिवळी बाहेर का? एक गाडी रिकामी असली तरी ठरल्या वेळी सुटते आणि दुसरी भरल्याशिवाय हलत नाही, असे का? ट्रॅव्हल्सला वाटेत प्रवासी घेण्याची मुभा कायद्याने नाही, तरी ती घेते, ती कशी? या प्रश्नांची उत्तरे शोधू लागलो की शंभर वर्षे मागे जावे लागते. आजचा धागा त्यावर आहे. मध्ये सर्वोच्च न्यायालयातील एक खटला येईल. कायद्याच्या विद्यार्थ्यांना तो पाठ असतो. तो आपल्या भागातल्या प्रवासी मोटारींवरून लढला गेला होता, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात असते.

आधी वणीचे स्थान नीट पाहू, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. वणीच्या पूर्वेला वर्धा नदी, दक्षिणेला पैनगंगा. वरोऱ्याला जा की घुग्घुसमार्गे चंद्रपूरला, वर्धा ओलांडावीच लागते. आदिलाबादला जायचे तर पैनगंगा. आज या नद्या ओलांडताना फार तर भ्रमणध्वनीवर 'तेलंगणात आपले स्वागत आहे' असा संदेश येतो. एकोणिसाव्या शतकात त्या खऱ्याखुऱ्या सीमा होत्या. वर्धेच्या पलीकडे मध्य प्रांत, अलीकडे वऱ्हाड. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचे, १८५३ पासून कारभार इंग्रजांचा. आणि पैनगंगेच्या पलीकडे खुद्द निजामाचे राज्य : तिथला जकात विभाग निराळा (त्याला 'करोडगिरी' म्हणत) आणि नाणेही निराळे. तो 'हाली सिक्का' इंग्रजी रुपयाच्या बरोबरीचा नव्हता. म्हणजे आदिलाबादच्या बाजाराला निघालेल्या वणीच्या व्यापाऱ्याला वाहन निवडताना भाड्याबरोबर नाक्याचा आणि बट्ट्याचाही विचार करावा लागे. आपल्या आजच्या भाषेत बोलायचे तर तो परदेश प्रवास होता, फक्त पारपत्राविना.

१८६४ साली यवतमाळ, दारव्हा, केळापूर आणि वणी हे तालुके वेगळे काढून नवा जिल्हा करण्यात आला. आरंभी त्याला आग्नेय वऱ्हाड म्हटले गेले, पुढे तो 'वून' म्हणजे वणी जिल्हा झाला. १९०५ च्या पुनर्रचनेत पुसद तालुका जोडला गेला आणि जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले. गंमत अशी की नाव वणीचे होते तेव्हाही जिल्ह्याची कचेरी यवतमाळलाच होती. त्यामुळे वणीच्या माणसाला कोर्टाचे, जमिनीचे, सरकारी असे कोणतेही काम निघाले की शंभराहून अधिक किलोमीटरचा प्रवास नशिबी ठरलेला.

तो तो कशाने करीत असे? तेव्हाही पर्याय तीनच होते. ओझे आणि माणसे एकत्र न्यायची तर बंडी : स्वस्त, सावकाश, रात्रीचा मुक्काम धरून. चार माणसांनी लवकर पोहोचायचे तर दमणी किंवा रेंगी. हलकी, बैलही निवडक. ज्यांना परवडे किंवा ज्यांच्या हुद्द्याला शोभे त्यांना घोडा. बस, सामायिक जीप आणि भाड्याची मोटार ही आजची उतरंड याच तीन पायऱ्यांवर बसलेली आहे, असे मला वाटते. वाहन बदलले, पण 'स्वस्त पण उशिरा' आणि 'महाग पण लवकर' यांच्या मधली एक जागा प्रत्येक काळात कोणीतरी भरून काढली.

रेल्वेने हे गणित बदलले असे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. वणीपुरते ते अर्धेच खरे आहे. वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंतचा लोहमार्ग १८७० च्या दशकात आला तो वरोऱ्याच्या कोळशासाठी. वणी-राजूरकडची माजरीहून आलेली शाखाही खाणींच्या ओढीनेच आली. दुसरीकडे यवतमाळला मूर्तिजापूरहून अरुंद मापाची गाडी आली, तीच पुढे 'शकुंतला' या लाडक्या नावाने ओळखली गेली. ती आली कापसासाठी. दोन्ही मार्ग माल बंदराकडे किंवा गिरणीकडे नेण्यासाठी आखलेले. वणी आणि यवतमाळ एकमेकांना जोडावीत, ही गरज कोणत्याच कंपनीच्या वहीत नव्हती.

नकाशा उघडून पाहा. वणीच्या माणसाने आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी रेल्वेनेच जायचे ठरवले, तर माजरी, वर्धा, बडनेरा, मूर्तिजापूर आणि मग शकुंतलेने यवतमाळ, असा वळसा. तीनशे किलोमीटरांहून अधिक, तोही अर्धा विदर्भ पालथा घालून. रस्त्याने हेच अंतर एक तृतीयांश. ही आकडेवारी लक्षात ठेवा. थोड्या वेळाने एक कायदा येणार आहे आणि त्याचा एक हेतू रेल्वेला मोटारींच्या स्पर्धेपासून सांभाळण्याचा होता.

पहिल्या महायुद्धानंतर मोटारी लहान गावांपर्यंत पोहोचू लागल्या. हिंदुस्थानचा पहिला मोटार वाहन कायदा १९१४ चा. त्यात नोंदणी आणि चालकाचा परवाना यापलीकडे फारसे काही नव्हते. कोणीही धनिक, कंत्राटदार किंवा धाडसी चालक एखादी जुनी लॉरी घेई, तिच्यावर लाकडी सांगाडा चढवी, आत बाके टाकी आणि प्रवासी वाहतूक सुरू करी. जुनी माणसे त्यांना 'सर्व्हिस मोटार' म्हणत. वेळापत्रक असे नसेच. गाडी भरली की निघे. बाजाराच्या दिवशी, रंगनाथ स्वामींच्या यात्रेसारख्या प्रसंगी गाड्याच गाड्या. एरवी मालकाच्या मर्जीवर. फायद्याच्या मार्गावर दोन मालक एकमेकांचे प्रवासी पळवीत आणि आतल्या गावांकडे कोणी फिरकत नसे.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्याबद्दल सर्रास उलटा समज आहे. काळी-पिवळी ही एसटीच्या मागून आलेली, तिच्या व्यवस्थेला लागलेली वाळवी आहे असे म्हटले जाते. कालक्रमाने पाहिले तर 'भरली की निघते' ही आपल्याकडची मोटार प्रवासाची मूळ पद्धत आहे. रिकामी असली तरी सकाळी सहाला सुटणारी गाडी, हीच नवी आणि मोठी गोष्ट होती. ती आपोआप घडली नाही. ती घडवण्यासाठी कायदे करावे लागले, माणसांचे धंदे बंद करावे लागले आणि एकदा तर राज्यघटनाही दुरुस्त झाली.

रस्त्यांसाठी पैसा कोठून आणायचा, हा आधीचा प्रश्न. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली नेमलेल्या रस्ते विकास समितीने त्यावर उपाय सुचवला आणि १९२९ पासून पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर घेऊन मध्यवर्ती रस्ते निधी उभा राहिला. रस्ते सुधारले, मोटारी वाढल्या आणि रेल्वेला झळ लागली. १९३३ च्या मिचेल-कर्कनेस अहवालाने रस्ते आणि रेल्वे यांच्यातील स्पर्धेचे चित्र सरकारपुढे ठेवले. या चर्चेची परिणती १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात झाली. आता प्रवासी मोटार चालवायची तर मार्गाचा परवाना लागणार. परवाने देताना प्रांतिक सरकारने काय पाहायचे, हे कायद्यातच लिहिले होते : मोटार वाहतुकीपासून जनतेला होणारा लाभ, रस्ते आणि रेल्वे यांचा मेळ, रस्त्यांची खराबी टाळणे आणि परवडेनाशी होणारी आपसांतली चढाओढ रोखणे. मुंबई-पुण्यासारख्या मार्गावर यातला रेल्वेचा मुद्दा समजू शकतो. वणी-यवतमाळसारख्या मार्गावर, जिथे रेल्वे स्पर्धेतच नव्हती, तिथेही परवान्याची तीच चौकट लागू झाली.

तोवर दुसरे महायुद्ध सुरू झाले. पेट्रोलचे नियंत्रण आले, टायर मिळेनासे झाले. कित्येक मोटारी मागे कोळशाची भट्टी लावून तिच्या वायूवर धावू लागल्या. चढ आला की प्रवाशांनी उतरायचे, हे ओघानेच आले. आणि याच टंचाईच्या काळात, डिसेंबर १९४३ मध्ये, देशभरातील मुख्य अभियंत्यांची परिषद नागपुरात भरली आणि तिने पुढील वीस वर्षांच्या रस्त्यांचा आराखडा केला. तो 'नागपूर योजना' म्हणून ओळखला जातो. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक रस्ते, जिल्हा रस्ते, ग्रामरस्ते ही आपल्या परिचयाची वर्गवारी तिथली. लागवडीखालील भागातले कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा दूर असू नये, असे तिचे उद्दिष्ट होते. पाच मैल. 'फाटा' ही आपली संस्था या पाच मैलांतच जन्मली असावी, असे मला नेहमी वाटते. मुख्य रस्त्यावर गाडी येईल. तिथपर्यंत तुम्ही चालत या.

पैनगंगेच्या पलीकडे काय चालले होते? तिथे निजामाच्या राज्याने सर्वांच्या आधी निकाल लावला होता. जून १९३२ मध्ये निजाम स्टेट रेल्वेने आपल्याच अंगाखाली रस्ते वाहतूक विभाग काढला. आरंभी २७ बस आणि १६६ कर्मचारी. रेल्वे आणि बस यांचा मालक एकच, त्यामुळे भांडण मिटवण्याचा प्रश्नच उरला नाही. ब्रिटिश हिंदुस्थानात ज्यावर समित्या बसत होत्या, ते एका संस्थानाने सरळ करून टाकले. तेलंगणातील एसटीच्या गाड्यांच्या क्रमांकात 'झेड' हे अक्षर दिसते. ते निजामाच्या मातोश्री जोहरा बेगम यांच्या स्मरणार्थ आहे अशी कथा सांगितली जाते. कथा म्हणून ती गोड आहे, तेवढेच.

आता मूळ खटल्याकडे येऊ.

१९४७ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाड सरकारने १९३९ च्या कायद्यात आपल्या प्रांतापुरती दुरुस्ती केली. तिने सरकारला विलक्षण अधिकार मिळाले. परवान्याची किमान मुदत मोडून ती कमी करता येणार, दिलेले परवाने अधिसूचनेनंतर रद्द करता येणार, भाडे ठरवता येणार, आणि मुख्य म्हणजे सरकार स्वतः प्रवासी वाहतुकीच्या धंद्यात उतरून इतरांना त्यातून पूर्णपणे बाहेर ठेवू शकणार. प्रांतात तेव्हा सी.पी. ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस आणि प्रोव्हिन्शियल ट्रान्सपोर्ट कंपनी अशा दोन कंपन्या होत्या आणि त्यांच्या भांडवलाचा मोठा भाग सरकारकडे आलेला होता. दिशा स्पष्ट होती.

खासगी मोटारमालकांनी काय करावे? १९४७ मध्ये त्यांच्या हाती काही नव्हते, कारण तेव्हा मूलभूत हक्क नावाची गोष्टच अस्तित्वात नव्हती. २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना लागू झाली आणि चित्र पालटले. अनुच्छेद १९ ने प्रत्येक नागरिकाला कोणताही धंदा करण्याचे स्वातंत्र्य दिले. सरकारी मक्तेदारीचा कायदा आणि हे स्वातंत्र्य एकत्र नांदणे अवघड होते. परंतु १८ जून १९५१ ला पहिली घटनादुरुस्ती झाली आणि राज्याने एखादा धंदा स्वतःकडे घेऊन नागरिकांना त्यातून वगळणे वैध ठरवण्यात आले. पहिली घटनादुरुस्ती म्हटले की आपल्याला जमीनदारी आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य आठवते. बसचे राष्ट्रीयीकरणही तिच्या कारणांत होते, हे सहसा सांगितले जात नाही.

१९५५ च्या आरंभी सरकारने काही मार्ग स्वतःकडे घेण्याचे पाऊल उचलले आणि मोटारमालक सर्वोच्च न्यायालयात गेले. खटल्याचे नाव : भिकाजी नारायण ढाकरस विरुद्ध मध्य प्रदेश राज्य. (मध्य प्रदेश का, असे कोणी विचारील म्हणून : १९५० ते १९५६ या काळात वणी, यवतमाळ, नागपूर हे सारे मध्य प्रदेशात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती.) मालकांचा युक्तिवाद धारदार होता. १९५० मध्ये हा कायदा घटनेविरुद्ध ठरून शून्य झाला. जो मेला, तो १९५१ च्या दुरुस्तीने जिवंत कसा होईल? सरकारला मक्तेदारी हवी असेल तर त्याने नवा कायदा करावा.

सप्टेंबर १९५५ मध्ये न्यायमूर्ती सुधीरंजन दास यांनी घटनापीठाचा निकाल दिला. कायदा मेला नव्हता, असे त्यांनी म्हटले. घटनेपूर्वीचा कायदा मूलभूत हक्कांशी विसंगत ठरला की तो पुसला जात नाही. हक्कांच्या छायेखाली झाकला जातो, त्याला ग्रहण लागते. ती छाया १९५१ च्या दुरुस्तीने दूर केली आणि कायदा पुन्हा प्रकाशात आला. मोटारमालक हरले. भारतीय घटनाशास्त्रातील 'ग्रहणाचा सिद्धान्त' तो हाच. देशातल्या प्रत्येक विधी महाविद्यालयात तो शिकवला जातो, आणि त्याच्या मुळाशी आपल्या प्रांतातल्या धुळीच्या रस्त्यांवर धावणाऱ्या प्रवासी मोटारींचे परवाने आहेत.

या निकालाकडे कसे पाहावे? माझे मत सांगतो. राष्ट्रीयीकरणाची दिशा योग्य होती. फायद्याचे चार मार्ग वाटून घेणाऱ्या मालकांनी झरी किंवा मारेगावकडच्या आतल्या वस्त्यांना कधीच गाडी दिली नसती. परंतु ते करण्याची रीत मात्र कठोर होती. परवान्याची मुदत कमी करून टाकली की मालकाला गाडी सुधारण्यासाठी कर्ज कोण देणार? ज्यांनी युद्धकाळात भट्ट्या पेटवून सेवा चालवली, त्यांच्यातले लहान मालक मोठ्या मालकांबरोबरच भरडले गेले. आपण एसटीचा इतिहास अभिमानाने सांगतो तेव्हा ही दुसरी बाजू गाळतो.

मुंबई प्रांतात हे आधीच सुरू झाले होते. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली; हा दिवस आपण एसटीचा वर्धापनदिन म्हणून ओळखतो. विदर्भाच्या वाट्याला मात्र निराळा वंशवृक्ष आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात आला तेव्हा त्याच्याबरोबर नागपूरची प्रोव्हिन्शियल ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस आली. मराठवाड्याबरोबर निजामाच्या रस्ते वाहतुकीचा वारसा आला. त्याच दिवशी आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे भागही इकडे आले. १९६१ मध्ये या तिन्ही धारा मिळून महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ झाले. म्हणून वणीच्या एसटीचे पूर्वज पुणे-नगर मार्गावर शोधू नयेत. ते नागपुरात आहेत.

आणि मग ते वेळापत्रक आले. त्याचे महत्त्व आज कळणे कठीण आहे. मुक्कामी गाडी ही कल्पना घ्या : संध्याकाळी शेवटची एसटी आतल्या गावात जाते, चालक-वाहक तिथेच झोपतात, सकाळी तीच गाडी पहिल्या फेरीला तालुक्याला येते. भरली की निघणाऱ्या वाहनाच्या हिशेबात हे कधीच बसत नाही, कारण रात्रीची फेरी बहुतेक रिकामी. तो तोटा लांब पल्ल्याच्या भरलेल्या गाड्या सोसत. त्या रिकाम्या फेरीने सकाळी कॉलेजला, बाजार समितीला, सरकारी दवाखान्याला माणूस वेळेवर पोहोचे. मुलींच्या शिक्षणात तर एसटीचा वाटा वेगळा लिहावा इतका मोठा आहे. 'पोरगी एसटीने जाते' या वाक्यात घरच्यांना जो दिलासा होता, तो 'पोरगी जीपने जाते' यात नव्हता. अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास आणि पुढे मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस यांनी त्याच दिलाशाला सरकारी रूप दिले.

मात्र जिथे एसटीच्या दोन फेऱ्यांमध्ये तीन तासांचे अंतर होते, तिथे माणसे उभी राहून कंटाळत होती. खाणी वाढल्या, पाळीत काम करणारे कामगार वाढले, आणि पाळी सुटण्याची वेळ व एसटीची वेळ जुळेलच असे नव्हते. जीप, ट्रेकर, मॅटाडोर, पुढे ट्रॅक्स अशा गाड्यांनी ती फट भरली. पश्चिम महाराष्ट्रात याला 'वडाप' म्हणतात. आपल्याकडे गाडीच्या रंगावरून नाव पडले, काळी-पिवळी.

कायद्याने तिला कोठे बसवले, हे पाहण्यासारखे आहे. १९८८ चा मोटार वाहन कायदा प्रवासी वाहनांचे दोन मुख्य वर्ग करतो. टप्पा वाहतूक : सहाहून अधिक प्रवासी, प्रत्येकाचे वेगळे भाडे, वाटेत चढउतार. कंत्राटी वाहतूक : संपूर्ण गाडी एका कराराने घेतलेली, वाटेत कराराबाहेरचा प्रवासी घ्यायचा नाही. एसटी पहिल्या वर्गात, ट्रॅव्हल्स दुसऱ्या वर्गात. टॅक्सीसाठी मात्र एक पळवाट म्हणावी अशी ओळ आहे : सहापर्यंत प्रवासी नेणारी मोटारकॅब प्रत्येकाकडून वेगळे भाडे घेत असली तरी ती कंत्राटी वाहतूकच मानली जाईल. सात ते बारा प्रवाशांची ती मॅक्सीकॅब. व्यवहारात सातवा, आठवा, तेरावा प्रवासी बसतो, वाटेत चढतो, उतरतो. म्हणजे गाडीचा परवाना एका वर्गातला आणि वागणूक दुसऱ्या वर्गातली. ट्रॅव्हल्सचेही तेच. स्थानकाच्या दोनशे मीटर परिसरात खासगी प्रवासी वाहने उभी करण्यास मनाई करणारे आदेश याच ताणातून आले. काळी-पिवळी 'थोडी पुढे' उभी असते ती म्हणून.

हे केवळ आपल्याकडे घडले असे मुळीच नाही. १९१४ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये लोक आपल्या मोटारीत पाच सेंटला प्रवासी घेऊ लागले, तिला 'जिटनी' म्हणत; ट्राम कंपन्यांच्या दबावाखाली शहरांनी नियम लादून तिला संपवले. ब्यूनस आयर्समध्ये १९२८ साली धंदा बसलेल्या टॅक्सीचालकांनी ठरावीक मार्गावर सामायिक प्रवासी घ्यायला आरंभ केला आणि त्यातून तिथली 'कोलेक्तिवो' बस उभी राहिली. इस्तंबूलमध्ये महामंदीच्या काळात 'दोल्मुश' आली. तुर्की भाषेत त्या शब्दाचा अर्थच 'भरलेली'. आपल्या चालकांचे तत्त्व तिथे वाहनाचे नाव झाले आहे. नैरोबीच्या 'मटाटू'चे नाव स्वाहिलीतील तीन या संख्येवरून पडले, कारण भाडे दहा सेंटची तीन नाणी होते. १९७३ मध्ये अध्यक्ष केन्याटा यांनी तिला परवान्याविना चालण्याची मोकळीक दिली. जॉर्जियात किंवा तुर्कस्तानात फिरायला गेलेला आपला माणूस बस, मिनीव्हॅन की टॅक्सी असा विचार करीत स्थानकाबाहेर उभा राहतो तेव्हा तो खरे तर वणीच्याच स्थानकाबाहेर उभा असतो. अमेरिकेने मधले वाहन मारले, केनियाने त्याला मोकळे सोडले, अर्जेंटिनाने त्याची बस केली. आपण त्याला ना मारले ना स्वीकारले. दोनशे मीटर दूर उभे केले.

या व्यवस्थेची परीक्षा २०२१ च्या हिवाळ्यात झाली. एसटी कर्मचाऱ्यांचा संप ऑक्टोबरअखेरीस पेटला, नोव्हेंबरमध्ये राज्यभर पसरला आणि एप्रिल २०२२ पर्यंत चालला. नोव्हेंबरमध्येच शासनाने अधिसूचना काढून खासगी बस, शाळेच्या बस, कंपन्यांच्या बस आणि मालवाहू वाहनांनाही प्रवासी नेण्याची तात्पुरती परवानगी दिली. सत्तर वर्षे जी रेषा न्यायालयांनी आणि कायद्यांनी आखली होती, ती एका कागदाने पुसली गेली. तालुक्याच्या गावांना जोडणाऱ्या मोठ्या रस्त्यांवर वाहने मिळत राहिली, महाग का होईना. आतल्या गावांची मुक्कामी गाडी मात्र कोणीही चालवली नाही. शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. त्या महिन्यांत घरी बसलेल्या मुलींपैकी किती परत वर्गात आल्या, हा प्रश्न कोणीतरी शोधप्रबंधासाठी घ्यावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. संपकऱ्यांच्या मागण्या खऱ्या होत्या. त्यांच्या वेतनाची अवस्था मांडण्यास वेगळा धागा लागेल.

त्यानंतर काटा पुन्हा हलला. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट. एका रात्रीत काळी-पिवळीच्या चालकाचे गणित बिघडले, कारण त्याचे भाडे एसटीच्या पूर्ण भाड्याच्या आसपास बेतलेले असते. बाजाराच्या दिवशी एसटीच्या दारात बायांची गर्दी आणि जीपमध्ये पुरुष, असे विभागलेले दृश्य आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. जीपवाला गाडी भरण्याची अधिक वाट पाहतो, म्हणून ती आणखी उशिरा सुटते, म्हणून वेळेची घाई असलेला प्रवासीही तिला सोडतो. १९४७ च्या कायद्याने परवाना काढून घेतला होता. येथे परवाना तसाच आहे, प्रवासी निघून गेला. तरीही पावसाळ्यात वर्धेला पूर येऊन पाटाळ्याचा पूल पाण्याखाली गेला की तिन्ही वाहने एका रांगेत थांबतात, तिथे कोणाचा कोणता परवाना हे कोणी विचारीत नाही.

शेवटी एक विनंती. त्या जुन्या सर्व्हिस मोटारींचे परवाने, तिकिटांची पुस्तके, रद्द झाल्याच्या नोटिसा या गोष्टी अभिलेखागारापेक्षा घरांतल्या पेट्यांमध्ये असण्याची शक्यता अधिक आहे. वणी, वरोरा, पांढरकवडा, यवतमाळ या भागात ज्यांच्या पणजोबांची प्रवासी मोटार होती, त्यांनी दिवाळीच्या साफसफाईत तो कागद टाकून देण्याआधी त्याचे छायाचित्र काढून ठेवावे. त्यावरील मार्गाचे नाव, मुदतीच्या तारखा आणि मागच्या बाजूचे शिक्के नीट दिसतील असे काढावे. परवाना किती काळासाठी दिला होता हे त्या तारखांवरूनच कळते. पुढील धागा शकुंतलेवर आहे.